वाजवणीचं टेबल

कालवाला कान नसतात. डोकंच नसतं, तर कान कुठून येणार? पण बंद कालव जिवंत आहे की मेलं, हे ओळखायचं ते माणसाच्या कानाने, आणि वहिनीची उमेदीची सगळी वर्षं याच कामात गेली.

खाडीच्या तोंडाशी पत्र्याची लांब शेड होती. फरशी कायम ओली. मधोमध जाड लाकडाचं टेबल, त्याच्या कडा शिंपल्यांनी घासून गोल झालेल्या. बोटीतून उतरवलेली कालवं पाटीने या टेबलावर ओतली जात. बसणारीने दोन हातांत दोन कालवं घ्यायची आणि हलकेच एकमेकांवर आपटायची. जिवंत कालवाने तोंड घट्ट मिटलेलं असतं, पोटात खाडीचं पाणी धरून ठेवलेलं असतं. ते दगडावर दगड आपटावा तसं वाजतं. मेलेल्याचं पाणी निथळून गेलेलं असतं. ते पोकळ वाजतं. जिवंत टोपलीत लावायचं, मेलेलं खाली बादलीत टाकायचं. शेडमध्ये याला वाजवणी म्हणत. इथून माल मोठ्या हॉटेलांत जाई. तिथे लोक कालवं कच्ची आणि जिवंत खातात. त्यात मेलेलं एक जरी गेलं तरी खाणारा अंथरूण धरतो.

वहिनी मुळात कुणाची वहिनी होती, तर मुकादमाची. तिचा नवरा आणि मुकादम तरुणपणी एका बोटीवर होते. लग्न होऊन ती शेडमध्ये कामाला आली तेव्हा मुकादम तिला वहिनी म्हणाला, मग शेड म्हणाली, मग गल्ली. सुरुवातीला तिच्या हातात सुरी दिली होती, शिंपले उघडायला. तिने पहिल्याच आठवड्यात तळहात कापून घेतला. पट्टी बांधलेल्या हाताला काम म्हणून तिला टेबलाशी बसवलं, ती तिथेच राहिली.

तिचा कान अजब होता. पंप धडधडत असायचा, बायकांच्या गप्पा रंगात आलेल्या असायच्या, आणि वहिनी मान वर न करता पलीकडच्या बाईला म्हणायची, "टाक ते."

"कुठलं?"

"आत्ता वाजवलंस ते. तोंडाला लगाम घाल, मग तुलाही ऐकू येईल."

ती बाई सुरी घालून शिंपला उघडायची. आत काळपट चिखल आणि वास.

नव्या बाईला कालवाची सगळी कुंडली वहिनीच सांगायची. कालव जन्मल्यावर पोहत असतं. दोनेक आठवडे ते धुळीच्या कणाएवढं, पाण्यात वाट फुटेल तिकडे भटकतं. मग त्याला एक पाय फुटतो आणि डोळ्यासारखा एक ठिपका येतो. त्या पायाने ते जागा चाचपतं. दगड, खांब, सगळ्यात आवडतं म्हणजे दुसऱ्या कालवाचा शिंपला. जागा पटली की अंगातून डिंकाचा थेंब काढतं, डाव्या कुशीवर पडतं आणि चिकटतं. पाय आणि डोळा विरघळून जातात. आता लागतातच कशाला? पुढे जन्मभर पाणी ओढायचं, गाळायचं, सोडायचं. दिवसाला पिंपभर पाणी एकटं कालव गाळतं.

"आणि ऐका," ती म्हणायची, "लहानपणी बहुतेक सगळे नर. मग थोराड झाले की मादी होतात. काही परत नर होतात, मन भरलं की."

"मग पोरं कुणाची?" कुणीतरी विचारायचंच.

"पाण्याची. बाप पाण्यात सोडतो, आई पाण्यात सोडते, कोण कुणाचं हे कुणी विचारत नाही. म्हणून तर त्यांच्यात भांडणं नाहीत." मग मुकादमाकडे वळून, "तुम्हाला दोन वर्षं मादी होता आलं असतं, तर आमची सुट्टी रोज तासभर आधी झाली असती."

मुकादम हसायचा. वहिनीचं बोलणं तो ऐकून घेई. तिच्या टोपलीबद्दल कधी तक्रार आली नव्हती, आणि तक्रार न येणं हीच त्या धंद्यातली इभ्रत.

ऐकू येणं कमी झालं ते हळूहळू. आधी दाराची बेल गेली. मग चिमण्या गेल्या, पण चिमण्याच कमी झाल्या असतील असं तिला वाटलं. नवरा घरात एका खोलीतून दुसऱ्या खोलीत काहीबाही विचारायचा आणि उत्तर न आल्यावर पुन्हा पेपरात डोकं घालायचा. शेजाऱ्याने एकदा म्हटलं, वहिनींना ऐकायला कमी येतं वाटतं. नवरा म्हणाला, "लग्न झाल्यापासून. माझंच तेवढं." सगळे हसले, वहिनीही हसली. विषय तिथेच संपला.

टेबलाशी मात्र हसण्यासारखं नव्हतं. आवाजाचा वरचा, बारीक भाग तिला ऐकू येईनासा झाला, आणि फरक नेमका तिथेच असतो. आता सगळी कालवं सारखीच वाजू लागली. ठप, ठप, ठप. तिने हे कुणाला सांगितलं नाही. ती बोटांनी अंदाज घेऊ लागली. मेलेलं जरा हलकं लागतं, आपटल्यावर बोटांना वेगळी थरथर जाणवते, निदान तिला तसं वाटे. तक्रार आली नाही. आठवडे गेले, तरी आली नाही. मग ती धरून चालली, की कानांचं काम बोटांनी उचललंय. रोज सकाळी पहिली काही कालवं ती दोन-दोनदा वाजवायची, दुपारपर्यंत एकदाच.

तिची सून शेडमध्ये गेल्या वर्षी आली. मुलगा मालाचा ट्रक चालवायचा, सूनबाईला टोपल्या उचलायचं काम मिळालं. वाजवलेली टोपली टेबलावरून घ्यायची, भिंतीमागे टाक्यांच्या खोलीत न्यायची, पाण्यात सोडायची. मुलगी उंच, हाडापेराने मजबूत, डावखुरी. बोलणं बेताचं. सुरुवातीला ती झपझप काम करायची. थंडी सरली तशी मंदावली. एक टोपली घेऊन भिंतीमागे गेली की लवकर बाहेर येईना. टेबलावर भरलेल्या टोपल्या साचू लागल्या.

"आमची सूनबाई कालवांशी लग्न लावून बसते तिकडे," वहिनी सगळ्यांसमोर म्हणायची. "कासव तरी बरं. ते निदान पोहोचतं."

बायका खिदळायच्या. सून टोपली उचलायची.

"आई, वाट सोडा जरा."

"सोडली. आता संध्याकाळच्या आत परत ये म्हणजे झालं."

उन्हाळा लागला. उन्हाळ्यात कालवं अंड्यांनी फुगतात, दुधाळ होतात. अंगातली ताकद तिकडे जाते आणि मिटून राहायला उरत नाही. शिंपल्याच्या बिजागरीत रबरासारखी गादी असते, ती शिंपला कायम उघडू पाहते. आतला जाड स्नायू त्याला ओढून बंद ठेवतो. म्हणजे उघडं राहायला काहीच लागत नाही, मिटून राहायलाच जोर लागतो. स्नायू मेला की शिंपला फाकतो, आणि ते आंधळ्यालाही दिसतं. पण काहींच्या फटीत चिखल बसलेला असतो. ती मेली तरी बंदच राहतात. त्यांच्यासाठी वाजवणी. उन्हाळ्यात अशी जास्त निघतात, काम वाढतं, आणि नेमकी तेव्हाच सूनबाई जास्त हळू झाली. माल टाक्यांत वेळेवर पडेना. ट्रक उशिरा सुटला, एकदा नाही, सारखाच.

मुकादम टेबलाशी आला.

"वहिनी, घरचं माणूस आहे म्हणून आजवर गप्प बसलो. पण पुढच्या आठवड्यापासून टाक्यांवर दुसरी बाई घेतोय."

"घ्या की," वहिनी म्हणाली. "मी कशाला आड येऊ? कामाला नातं लागत नाही."

सून तिथेच उभी होती, रिकामी टोपली हातात. तिने सासूकडे पाहिलं. मग टेबलावरची भरलेली टोपली उचलली आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी टाक्यांचा एक पंप बंद पडला. पाणी फिरलं नाही तर कालवांचा जीव गुदमरतो. मुकादमाने सगळ्यांना हाक दिली, त्या टाकीतला माल शेजारच्या टाकीत हलवा. वहिनी भिंतीमागे क्वचितच जायची. तिचं तिथे काही काम नसायचं. आज गेली.

कालव ठेवायची एक रीत असते. एक शिंपला वाटीसारखा खोल, दुसरा झाकणासारखा सपाट. वाटी खाली ठेवायची, म्हणजे आतलं पाणी सांडत नाही. बिजागरीचं निमुळतं टोक मात्र कुठे करायचं, ते ज्याच्या त्याच्या हातावर. उजव्या हाताने लावणारीची टोकं डावीकडे जातात. कुणी मुद्दाम करत नाही. हात करतो.

ओली टोपली एकटीला जड होती, म्हणून वहिनी वरचा थर दुसऱ्या टोपलीत काढू लागली. वरच्या थराची टोकं डावीकडे होती. तिची टोपली, तिचा हात. थर निघाला. खालच्या थराची टोकं उजवीकडे होती.

तिने आणखी एक थर काढला. उजवीकडे. तळापर्यंत उजवीकडे.

तिने शेजारची टोपली पाहिली. वर डावीकडे, खाली उजवीकडे. त्याच्या शेजारचीही तशीच. टोपल्या पुन्हा लावलेल्या होत्या. आणि कुणी पाहिलं तर कळू नये म्हणून वरचा थर तेवढा उलट्या हाताने, जपून, वहिनीसारखा लावला होता.

बाकीच्या बायका टोपल्या घेऊन पलीकडच्या टाकीकडे गेल्या होत्या. या टाकीमागे एक बादली होती. वर ओलं पोतं. वहिनीने पोतं उचललं. बादली अर्ध्याहून जास्त भरलेली होती. तिने त्यातली दोन कालवं घेतली, कानाजवळ धरली आणि आपटली. ठप. टाकीतली दोन घेतली. ठप.

सून दारात उभी होती.

"कधीपासून?" वहिनीने विचारलं.

"थंडी संपल्यापासून."

"रोज?"

"रोज."

"सगळी टोपली?"

"त्याशिवाय कसं कळणार, आई? एक सोडून एक वाजवून चालतंय होय?"

वहिनीने हातातली दोन कालवं टोपलीत परत ठेवली.

"मला सांगायचंस."

"सांगून काय झालं असतं? तुम्ही म्हणाला असतात, कालची पोर मला शिकवते."

"म्हणाले असते," वहिनी म्हणाली. मग तिने विचारलं, "त्याला माहीत आहे? तुझ्या नवऱ्याला?"

"नाही. ते ट्रक भरायला उशीर का म्हणून माझ्यावरच ओरडतात."

"आणि मी तुला सगळ्यांसमोर कासव म्हटलं."

"म्हटलंत."

"काल मुकादमासमोर तरी तोंड उघडायचंस. तुझं हातचं काम जातंय."

"टोपल्या उचलायचं काम ते. गेलं तर गेलं. तुमची जागा गेली असती तर घरात बसून तुम्ही आम्हाला वाजवून बघितलं असतं."

वहिनीला हसू आलं नाही. बाहेरून मुकादम ओरडला, ते सूनबाईला ऐकू आलं. ती बादलीवर पोतं ओढून बाहेर गेली.

त्या दुपारी वहिनी टेबलाशी जाऊन बसली. दुसरं काय करायचं ते तिला सुचलं नाही. तिने दोन कालवं घेतली आणि आपटली. आतापर्यंत बोटांना काहीतरी कळत होतं. आता काहीच कळेना. हे जिवंत असेल, हे नसेल. ती एक टोपलीत लावायची, एक बादलीत टाकायची. चांगली कालवं बादलीत जात असतील, हेही तिला आज पहिल्यांदा जाणवलं. शेजारची बाई काहीतरी सांगत होती. वहिनी मान डोलावत होती. बायका हसल्या तेव्हा तीही हसली. सून आली, टोपली उचलली, आत गेली. बराच वेळ बाहेर आली नाही. आज कुणी तिला काही म्हटलं नाही, कारण म्हणणारी गप्प होती.

घरी जाताना तिने ठरवलं, की मुकादमाशी बोलायचं. घरी पोहोचेपर्यंत ठरवलं, की बोलायचं नाही. सूनबाईला दुसरीकडे काम मिळेल, तरुण आहे. आपल्याला या वयात कोण घेणार? आणि घेतलं तरी कशाला? सुरी तिला येत नव्हती. पाट्या उचलायला कंबर नव्हती. तिला एकच गोष्ट यायची आणि ती आता येत नव्हती. नवऱ्याने काहीतरी विचारलं. तिने "हं" म्हटलं.

नवी बाई आठवडा संपायच्या आतच आली. दणकट, हसरी. मुकादम तिला टेबलापाशी घेऊन आला.

"ही आजपासून टाक्यांवर. सूनबाई, तुमचा हिशेब संध्याकाळी करून टाकू."

सून बाजूला झाली. तिच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. फक्त तिची नजर टेबलावरच्या टोपलीवर गेली आणि तिथून वहिनीवर.

नव्या बाईने पदर खोचला. "मावशी, ही नेऊ?"

टोपली भरलेली होती. सकाळपासून वहिनीने भरलेली. टाकीत पडली की दुपारी ट्रकमध्ये जाणार, ट्रकमधून थेट ताटात. मध्ये कुणी नाही.

"ठेव," वहिनी म्हणाली.

"जड नाही हो, नेते की."

"ठेव म्हटलं ना."

तिने टोपलीची कड धरली होती. मुकादम वळला.

"काय झालं वहिनी?"

"ही टोपली पाठवू नका. कालची पाठवलीत ती चालेल, ती हिने बघितलेली आहे. आजची नको."

"कुणी बघितलेली?"

"सूनबाईने. ती माझ्या टोपल्या आत नेऊन पुन्हा वाजवते. म्हणून उशीर होतो. मला ऐकू येत नाही, मुकादम."

मुकादम हसला. "काय थट्टा लावलीय सकाळी सकाळी? तुमच्या कानावर तर दुकान चालतंय आपलं."

"तेच सांगतेय. चालत नाहीये."

शेडमध्ये हातातलं काम थांबलं. पंप तेवढा चालू होता. मुकादमाने टेबलावरून दोन कालवं उचलली. ती त्याने पाहिली, बादलीतलं एक घेऊन बदललं, आणि वहिनीच्या पाठीमागे जाऊन आपटली.

"सांगा."

"वाजवलीत?"

"वाजवली."

"मला माहीत नाही," वहिनी म्हणाली.

त्याने पुन्हा वाजवली, जोरात. एका शिंपल्याची कड तुटून फरशीवर पडली.

"आता?"

"नाही माहीत."

मुकादम समोर आला. तो सुनेला म्हणाला, "तुम्ही सांगा हो."

"डाव्या हातातलं मेलंय," सून म्हणाली.

त्याने सुरी मागवली आणि ते उघडलं. आत चिखल होता. त्याने शिंपला बादलीत टाकला आणि हात बराच वेळ फडक्याला पुसला.

"वहिनी, एखादी टोपली गेली असती तर धंदा बसला असता आपला. आणि माणसं..."

"हो."

"मैत्रीत मी एकदाही तुमची टोपली तपासली नाही."

"ती तुमची चूक. माझी मी सांगितली."

कुणी हसलं नाही. मुकादम टेबलाभोवती एक चक्कर मारून आला. मग त्याने सुनेला टेबलाशी बसायला सांगितलं, आणि वहिनीला म्हणाला, तुम्ही उद्यापासून खाडीत, मांडणीवर.

मांडणीवरचं काम म्हणजे पाठवण्याआधी कालवांना शिकवणं. खांबांवर जाळीचे वाफे असतात. ओहोटीला पाणी ओसरतं आणि कालवं उघड्यावर राहतात. पहिल्या दिवशी थोडा वेळ, मग जास्त, मग आणखी जास्त. कालवाला डोकं नसलं तरी ते शिकतं. प्रवासात पाणी मिळणार नसेल तर तोंड मिटून आपलं पाणी कसं जपायचं, ते या वाफ्यांवर त्याच्या अंगात भिनतं. बाईने फक्त बघायचं, की कोण लवकर उघडतंय. त्याला परत खोल पाण्यात सोडायचं. गुडघाभर चिखल, उन्हाचा कडाका, आणि गप्पा मारायला कुणी नाही. शेडमधल्या बायका या कामाला शिक्षा समजत. वहिनीलाही ती शिक्षाच वाटली. ती बरं म्हणाली.

सून टेबलाशी बसली होती. शेजारणीने तिला सरकून जागा दिली. ती सकाळची टोपली तिने पुन्हा ओतली आणि पहिल्यापासून वाजवायला घेतली. टेबलाशी दोघी मावत नव्हत्या, म्हणून वहिनी भिंतीला टेकून उभी राहिली. बादलीत बरीच कालवं पडत होती. नवी बाई पडणारं प्रत्येक कालव बघत होती आणि मग वहिनीकडे बघत होती. वहिनीने मान फिरवली नाही.

संध्याकाळी दोघी एकत्र निघाल्या. रोज सून दोन पावलं मागे असायची. आज बरोबर चालत होती. रस्त्यावर दुकानांचे दिवे लागले होते. चौकापाशी सून काहीतरी बोलली.

"काय?"

"काही नाही."

"बोल ना. मोठ्याने बोल. आता लपवायचं काय राहिलंय?"

सुनेने इकडेतिकडे पाहिलं. दोन माणसं बाकावर बसली होती. तिने आवाज चढवला.

"म्हटलं, माझ्यावर रागावलात का, आई?"

बाकावरच्या माणसांनी वळून पाहिलं.

"हो," वहिनी म्हणाली. "थोडी रागावलेय. उतरेल दोन-चार दिवसांत. तोवर स्वयंपाकघरात माझ्या आडवी येऊ नकोस."

"बरं," सून म्हणाली, तितक्याच मोठ्याने. मग दोघींनी रस्ता ओलांडला.